‘वृद्धापकाळाने निधन’

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांमध्ये एक वाक्य गेली कित्येक दशके जवळजवळ अक्षराचाही फेरफार न होता छापले जात आहे. अमुक गावचे अमुक यांचे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा मोठा परिवार आहे. या वाक्यातून परिवाराची खानेसुमारी कळते, गाव कळते, वय कळते; माणूस कशाने गेला ते मात्र कळत नाही. वृद्धापकाळ हा काळ झाला, ते कारण कसे होईल? विशीतल्या मुलाच्या निधनवार्तेत ‘तारुण्याने निधन’ असे छापण्याचे धाडस कोणताही संपादक करणार नाही.

वाचकहो, हा शब्दांचा कीस काढण्याचा खेळ वाटेल. पण जे मृत्यूच्या बाबतीत, तेच त्याआधीच्या दहा-बारा वर्षांच्या बाबतीत खरे आहे. आजी रात्रीअपरात्री उठून माहेरच्या वाटेला लागते. घरचे म्हणतात, वय झाले. आजोबा दोन महिने जेवणाला नीट तोंड लावत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, पहाटे तीनला उठून बसतात; वय झाले. परवापर्यंत सोसायटीचे हिशेब तोंडपाठ असलेला माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागतो आणि पोटच्या मुलाला ओळखेनासा होतो. त्याचेही वय झाले. वास्तविक ही तीन माणसे तीन निरनिराळ्या आजारांची असण्याचा दाट संभव आहे. पहिलीला स्मृतिभ्रंश, दुसऱ्याला नैराश्य, आणि तिसऱ्याला मूत्रमार्गातल्या संसर्गाने, शरीरातले क्षार कमी झाल्याने किंवा एखाद्या औषधाने आलेला भ्रम, ज्याला आपल्याकडे ‘वात झाला’ असे म्हणतात. पहिला आजार सहसा बरा होत नाही, पण सांभाळता येतो. दुसरा बहुतेक वेळा बरा होतो. तिसरा वेळीच ओळखला तर अनेकदा काही दिवसांत उतरतो, न ओळखला तर जीव घेऊ शकतो. हे तीन आजार एकमेकांपासून वेगळे काढणे हा वृद्धांच्या मनोविकारतज्ज्ञाचा व्यवसाय आहे, आणि ‘वय झाले’ हे दोन शब्द त्या व्यवसायाचे सर्वांत जुने शत्रू आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वार्धक्यातल्या मनोविकाराला आजार म्हणण्याचे टाळण्यासाठी आपण मराठी समाजाने तीन सोयी करून ठेवल्या आहेत. एक तर तो वयाचा धर्म मानायचा. नाही जमले तर पोरांचे पाप मानायचे. तेही नाही जमले तर कोणा पुण्यवान माणसाच्या सेवेचा विषय मानायचा. तिन्ही समजुती दिसायला सात्त्विक आहेत, आणि तिन्हींमुळे माणसे निदानावाचून मरतात. उदाहरणादाखल मी अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, घेतो. तो मागासलेला आहे म्हणून घेत नाही. ग्रामीण आरोग्याचा धडा ज्याने जगाला दिला आणि आदर्श गावांची नावे ज्याने महाराष्ट्राला दिली, असा हा जिल्हा आहे. तिथेच हा प्रश्न आपल्या मनात उमटत नसेल तर दोष साधनांचा कमी आणि दृष्टीचा अधिक, असे मानावे लागेल.

प्रथम पहिली समजूत. तिच्याशी ज्याने जन्मभर वैर केले त्या माणसाची हकीकत सांगणे इष्ट आहे. डॉ. रॉबर्ट बटलर यांचा जन्म १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वर्ष पुरे होण्याच्या आत आईवडील विभक्त झाले आणि मूल आजोळी, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड या गावी, कोंबड्या पाळणाऱ्या आजी-आजोबांकडे आले. मुलगा सात वर्षांचा असताना आजोबा गेले. महामंदीत जागा गेली. आजी आणि नातू एका हॉटेलात राहू लागले, तर ते हॉटेलही जळाले. त्या म्हातारीने पुन्हा शून्यातून संसार उभा केला. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीच्या हाताखाली वाढणारी मुले ज्यांनी पाथर्डी-शेवगावात पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

हा मुलगा वैद्यकीय महाविद्यालयात गेला तेव्हा त्याला आढळले की म्हाताऱ्या रुग्णांचा उल्लेख तिथले शिक्षक हेटाळणीच्या शब्दांनी करतात. ज्या पिढीने आपल्याला वाढवले तिची ही संभावना त्याला सोसली नाही. १९५५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत धडधाकट वृद्धांचा जो प्रदीर्घ अभ्यास झाला, त्यात बटलर सहभागी होते. तोवरची बहुतेक संशोधने वृद्धाश्रमांतल्या आणि रुग्णालयांतल्या आजारी माणसांवर झालेली. मग वार्धक्य म्हणजेच आजार, हा निष्कर्ष निघणारच! या अभ्यासाने, १९६३ साली, उलटे दाखवले. बुद्धी मंदावणे, चिडचिड, विस्मरण अशा ज्या गोष्टी वयाच्या खात्यावर मांडल्या जात होत्या, त्यांपैकी पुष्कळ गोष्टी आजारांच्या, दारिद्र्याच्या आणि एकटेपणाच्या खात्यावर जायला हव्या होत्या. त्याच वर्षी बटलर यांनी आणखी एक निबंध लिहिला. म्हातारी माणसे त्याच त्या जुन्या गोष्टी उगाळतात, हे मेंदू शिणल्याचे लक्षण समजले जाई. ते मनाचे एक आवश्यक काम आहे, आयुष्याचा जमाखर्च लावणे आहे, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे ‘लागले पुन्हा दळण दळायला’ असे म्हणून आजोबांना गप्प बसवणाऱ्या प्रत्येक घराने हे ऐकण्यासारखे आहे.

पुढे १९६९ साली वॉशिंग्टनजवळच्या एका सुखवस्तू वस्तीत गरीब वृद्धांसाठी घरे होणार म्हणून रहिवाशांनी गिल्ला केला, तेव्हा बटलर यांनी या वृत्तीला एक नाव दिले. वंशभेद, लिंगभेद, तसा वयभेद. इंग्रजीतला ‘एजिझम’ हा शब्द तेव्हापासूनचा. अमेरिकेत म्हातारे होणे म्हणजे काय याची झाडाझडती घेणारे त्यांचे पुस्तक १९७५ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे ते पहिले संचालक झाले आणि अल्झायमर हा वयाचा परिणाम नसून संशोधनाने भिडण्याजोगा आजार आहे, ही गोष्ट त्यांनी सरकारच्या तिजोरीपर्यंत पोहोचवली. १९८२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय विद्यालयात त्यांनी वार्धक्यवैद्यकाचा विभाग उभा केला, अमेरिकेतला पहिला. २०१० साली, त्र्याऐंशीव्या वर्षी, ते वारले. त्यांच्या निधनवार्तांत कारण छापले होते: रक्ताचा कर्करोग. तेवढा हक्क त्यांनी मिळवला होता.

‘ही सगळी अमेरिकेची कौतुके’ असे कोणी म्हणेल, म्हणून घरचे सांगतो. मदुराईचे डॉ. ए. वेंकोबा राव हे भारतातल्या या शाखेचे आद्य पुरुष. मदुराईजवळच्या निमशहरी भागात साठीपुढच्या माणसांच्या मनोविकारांची त्यांनी केलेली पाहणी १९८२ साली प्रसिद्ध झाली. नैराश्य हा आपल्या म्हाताऱ्यांचा एक प्रमुख आजार आहे हे तेव्हापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये या विषयाचा अतिविशेष अभ्यासक्रम आहे. शास्त्र आपल्या देशात येऊन चार दशके झाली. ते आपल्या ओसरीवर आलेले नाही, इतकेच.

ओसरीवर अजून ‘साठी बुद्धी नाठी’ आहे, ‘म्हातारचळ’ आहे. या दुसऱ्या शब्दाची मला विशेष चीड येते. सत्तरीचा माणूस चारचौघांत अंगावरचे कपडे सोडतो, अचकटविचकट बोलतो, आयुष्यभर ज्याने कोणाच्या वाटेला जाण्याचे मनात आणले नाही तो बायकांच्या अंगचटीला जातो. गाव हसते आणि म्हणते, म्हाताऱ्याला चळ लागला. त्या माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग, जो आपल्या सगळ्यांना जनाची आणि मनाची लाज बाळगायला लावतो, तो झिजत चाललेला असू शकतो, ही शंका त्या शब्दातच गाडली जाते. भाषा कधी कधी निदानाच्या आड भिंत बांधते, ती अशी.

आणि याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका पूर्ण केली. तेराव्या अध्यायात वार्धक्याचे जे वर्णन येते ते वाचावे. तरुण ज्ञानदेवांनी जर्जर देहाकडे इतक्या निष्ठुर बारकाव्याने पाहिले आहे की वाचताना अंगावर काटा यावा. त्यांचा हेतू वैराग्याचा होता, चिकित्सेचा नव्हता, हे मान्य. पण पाहण्यात त्यांनी कसूर केली नाही. आपण सातशे वर्षांत वैराग्यही घेतले नाही आणि पाहण्याचेही सोडून दिले.

आता दुसरी समजूत, पोरांच्या पापाची. हिची जोपासना आपल्या साहित्याने आणि रंगभूमीने केली आहे. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्या नाटकाच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार आपल्या रडण्याबद्दल आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ मराठी प्रेक्षक अप्पासाहेब बेलवलकरांसाठी रडतो आणि घरी जाताना एकच निष्कर्ष बरोबर नेतो: मुले कृतघ्न असतात. अप्पासाहेबांवर मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, त्या प्रसंगी सभागृहात हुंदके येतात. घराघरांत मात्र बहुधा उलटे घडते. तिथे म्हातारी सासू सुनेवर चोरीचा आळ घेते. पाटल्या हिने नेल्या, पेन्शनचे पैसे हिने काढले, मला जेवायला देत नाही. हे सांगत ती शेजारीपाजारी हिंडते. ठेवलेली वस्तू आठवत नाही, तेव्हा ती कोणीतरी चोरली असणार, असा मेंदूने स्वतःशी लावलेला हा अर्थ आहे. जेवण झाल्याचेच आठवत नाही, तेव्हा कोणी वाढलेच नसणार. स्मृतिभ्रंशात हे लक्षण इतके सर्रास दिसते की निष्णात डॉक्टर ते आपणहून विचारतो. गाव विचारत नाही. गाव त्या सुनेला नावे ठेवते. दिवसातून चार वेळा लुगडे बदलणारी, रात्रभर जागणारी, स्वतःच्या अंगावर दोन वर्षे धड कपडा न घेतलेली ती बाई गावाच्या लेखी कैदाशीण ठरते.

ही कल्पनेतली गोष्ट सांगत नाही. मार्टिन प्रिन्स आणि विक्रम पटेल यांनी गोव्यात केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे तिथल्या लोकांना ओळखीची होती. पण तो आजार आहे असे कोणी मानत नव्हते. ते वयाचे म्हणून सोडून दिले जाई, किंवा घरच्यांच्या हेळसांडीचे फळ समजले जाई. ‘वय’ आणि ‘पोरांचे पाप’ या दोन्ही समजुती एकाच गावात, एकाच ओट्यावर शेजारी शेजारी बसलेल्या असतात, याचा हा पुरावा.

या समजुतीला आपण कायद्याचेही रूप दिले. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते, वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० साली आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापण्याचा ठराव केला आणि त्याची वाहवा झाली. ज्यांनी खरोखर आईबापांना उघड्यावर टाकले त्यांचे काय व्हायचे ते होवो. पण पगार कापण्याचे शासनाला सुचते, त्याआधी त्या घरी कोणी जाऊन म्हाताऱ्याला झाले आहे काय हे पाहावे असे सुचत नाही, हे लक्षण काय सांगते? शिक्षा स्वस्त पडते, चिकित्सा महाग पडते, आणि शिक्षा केल्यावर आपण संस्कृतिरक्षक ठरतो.

या अंधारात एक सन्मान्य अपवाद आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या चित्रपटात मुलगी दमते, चिडते, अपराधी वाटून घेते, आणि तरीही खलनायिका होत नाही. आजाराला आजार म्हटले की माणसांना माणसे राहता येते. ‘नटसम्राट’चे प्रयोग झाले तितक्या गावांत ‘अस्तु’ दाखवला असता, तर कित्येक सुनांची अब्रू वाचली असती.

तिसरी समजूत सेवेची. नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘माउली’ उभी केली. ज्यांच्या अंगाला हात लावायला कोणी धजत नाही अशा स्त्रियांना या दांपत्याने न्हाऊमाखू घातले. त्यांच्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. माझा प्रश्न नतमस्तक होऊन घरी परतणाऱ्यांना आहे. आपण हार घालतो, वाढदिवसाचे एक जेवण देतो, वृत्तपत्रात फोटो येतो, आणि जिल्ह्याचे या विषयातले कर्तव्य संपले असे मानतो. संत निर्माण झाला की व्यवस्थेची चौकशी थांबते, हा आपला जुना रोग आहे. एखादे पुण्यवान दांपत्य काहीशे जणींना आसरा देऊ शकेल. हजारोंचे काय?

हजारो म्हणतो ते उगाच नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. राज्यात तेव्हा साठीपुढची माणसे ९.९ टक्के होती. तेच प्रमाण जिल्ह्याला लावले तर साडेचार लाख वृद्ध होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के काढले; शहरांपेक्षा खेड्यांत अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत अधिक. हा त्रैराशिकाचा हिशेब शाळकरी पोरही करील: एकट्या या जिल्ह्यात तीस हजारांहून अधिक माणसे. नैराश्याचे रुग्ण यात धरलेले नाहीत. आणि देशात लाख लोकवस्तीमागे मनोविकारतज्ज्ञ आहे सुमारे पाऊण! हा पाऊण माणूसही बहुधा मोठ्या शहरात सापडायचा. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या, राज्यात आकाराने सर्वांत मोठ्या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरातल्या म्हातारीपर्यंत तो पोहोचेल, अशी अपेक्षा करणे हा विनोद आहे.

इथे आदर्श गावांची गोष्ट काढावीच लागते. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार ही नावे याच जिल्ह्याची. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान ही पंचसूत्री महाराष्ट्राने पाठ केली, आणि तिने गावांचे भले झाले हे नाकारण्याचे कारण नाही. पण पहिल्या सूत्राच्या पोटात काय आहे ते पाहा. कुटुंब लहान झाले, मुले शिकली, पुण्याला चाकण-रांजणगावला गेली. पोरे कमी आणि आयुष्य जास्त, याच यशाचे दुसरे नाव वार्धक्य. ज्या धोरणाने गाव म्हातारे होणार हे उघड होते, त्याने म्हाताऱ्यांसाठी सहावे सूत्र लिहिले नाही. दुष्काळी पट्ट्यात तर याहून वाईट. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले पाच-सहा महिने वस्तीवर उरतात म्हातारी माणसे आणि लहान पोरे. जिला स्वतःचे नाव धड आठवत नाही तिच्या भरवशावर चूल, शेळी आणि नातू. त्या काळात तिला वात झाला तर ओळखणार कोण? सहकारी साखरेचा इतिहास प्रवरानगरपासून अभिमानाने सांगितला जातो, तसा तो या रिकाम्या वस्त्यांपासूनही सांगायला हवा.

आता आक्षेप. पहिला: तज्ज्ञच नाहीत, तर बोंब मारून काय उपयोग? याचे उत्तर जामखेडने १९७० पासून देऊन ठेवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला होता. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार नव्हत्या. मग त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना, ज्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, आरोग्याचे काम शिकवले. त्या बायकांनी बाळंतपणे सांभाळली, बालमृत्यू खाली आणले, कुष्ठरोग आणि क्षय शोधून काढले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. जी बाई कुष्ठरोगाचा पहिला चट्टा ओळखू शकते, ती ‘सासूबाई सारख्या चोरीचे का बोलतात’ हेही ओळखायला शिकू शकते. त्यासाठी तिला मेंदूची शरीररचना पाठ असण्याची गरज नाही.

ही नुसती आशा नाही. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांवर रीतसर प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. स्थानिक भाषा जाणणाऱ्या, साध्या शिकलेल्या कार्यकर्त्या घरी जात. आजार म्हणजे काय ते सांगत, भांडण टाळून कसे बोलावे ते सांगत, दमलेल्या सुनेचे ऐकून घेत. मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असे. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार लक्षणीय कमी झाला. पुढे गोव्यातच, नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १८१ वृद्धांवर दुसरा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१९ चा. साध्या समुपदेशकांनी ज्यांना मदत केली त्यांच्यात वर्षभरात तीव्र नैराश्य आले ४.४ टक्क्यांना, इतरांत १४.४ टक्क्यांना. हे आपल्या शेजारी झाले आहे, आपल्यासारख्याच माणसांवर झाले आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. स्मृतिभ्रंशाला औषध नाही, तर निदान कशाला? प्रथम, स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे सगळे स्मृतिभ्रंश नसते. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, आणि सर्वांत फसवे म्हणजे नैराश्य. यांतले पुष्कळसे उपचाराने सुधारते. ज्याला ऐकू येत नाही आणि मोतीबिंदूमुळे दिसत नाही तोही भ्रमिष्टासारखा वागतो. दुसरे, औषध नसले तरी रात्री दाराला कडी कशी लावावी, वीज आणि विस्तव कसे दूर ठेवावेत, सातबाऱ्यावर अंगठा घ्यायला येणाऱ्या भावकीपासून कसे जपावे, हे निदान झाल्यावरच सुचते. तिसरे कारण या सगळ्यांहून मोठे आहे. आजाराचे नाव कळले की आळ उतरतो. म्हातारी दुष्ट नव्हती, सून चोर नव्हती, मुलगा नालायक नव्हता. एका घरातल्या तीन माणसांची एकाच दिवशी निर्दोष सुटका करणारे औषध याहून स्वस्त कोणते मिळणार?

तिसरा आक्षेप संस्कृतीचा: आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, मनोविकारतज्ज्ञ हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. एकत्र कुटुंब म्हणजे व्यवहारात एक बाई, हे सत्य सोयीस्करपणे विसरून हा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणारे बहुधा पुरुष असतात आणि त्यांनी आईचे अंथरूण बदललेले नसते.

कागदावर सर्व काही आहे, हेही सांगून टाकतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासूनचा, मानसिक आरोग्यसेवेचा कायदा २०१७ चा, ‘टेलिमानस’ची दूरध्वनीसेवा २०२२ ची. पण मनाच्या कार्यक्रमात वृद्ध हा परिशिष्टाचा विषय, आणि वृद्धांच्या कार्यक्रमात गुडघे, साखर, रक्तदाब आणि मोतीबिंदू यांनंतर मनाची पाळी. दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत जो पडतो तो आपल्या लेखाचा नायक. वाचकांपैकी जे या जिल्ह्यातले असतील त्यांनी एक करावे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारावे, की साठीपुढच्या माणसाची स्मृती आणि मनःस्थिती तपासण्यासाठी इथे कोणता वार आहे, आणि आशा सेविकेला या विषयाचे किती तासांचे शिक्षण मिळाले. उत्तर समाधानकारक मिळाले तर आनंदच आहे. न मिळाले तर तोच प्रश्न ग्रामसभेत विचारावा, लेखी विचारावा, उत्तर येईपर्यंत विचारावा.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्याला महिन्यातून एक ठरलेला दिवस. आशा सेविकेच्या वहीत साठीपुढच्यांसाठी चार प्रश्नांचे एक पान: झोप कशी, भूक कशी, विसरणे वाढले का, घरात आळ घेणे सुरू झाले का. ऊसतोडीच्या महिन्यांत मागे उरलेल्या म्हाताऱ्यांची वस्तीवार यादी. जिल्हा रुग्णालयात या सगळ्यांच्या पाठीशी उभा असलेला एक मनोविकारतज्ज्ञ, ज्याने वार्धक्य हा विषय आवडीने अभ्यासला आहे. एका जिल्ह्याला एक बटलर मिळेल न मिळेल. बटलर यांच्या आजीसारख्या बाया गावोगाव आहेत, त्यांना शिकवणारा एक माणूस तरी हवा.

आणि संपादकांना एक विनंती. शक्य तिथे, घरच्यांच्या संमतीने, निधनवार्तेत आजाराचे नाव छापावे. ‘दीर्घकाळच्या स्मृतिभ्रंशानंतर निधन’ असे चार शब्द गावच्या वाचनालयात वाचले गेले, तर ते वाचणाऱ्या एखाद्या सुनेला त्या दिवशी कळेल की आपल्या घरात जे चालले आहे त्याला नाव आहे, आणि ते नाव आपले नाही.